उजळाईवाडीची सीनरी: कोल्हापूर विमानतळाच्या एका ॲड-ऑनची तपासणी

आमच्या सिमर, म्हणजे संगणकावर विमान उडवणाऱ्या मंडळींच्या गटात हैदराबाद–कोल्हापूर ही फेरी ठरलेली आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमधलं एटीआर ७२-६०० हे पंखेवालं प्रवासी विमान घ्यायचं, हैदराबादहून निघायचं, साधारण ४४५ किलोमीटर पश्चिमेकडे येऊन कोल्हापूरला उतरायचं. खऱ्या जगात इंडिगोची एटीआर विमानं या मार्गावर उडालेली आहेत, त्यामुळे विमान कोणतं, उंची किती, वेळ किती हे नव्यानं ठरवावं लागत नाही. सगळे एकाच वेळी ऑनलाइन उडतात आणि एकामागोमाग उतरतात.

भानगड उतरल्यावर सुरू व्हायची. काहींनी कोल्हापूरची विकतची सीनरी, म्हणजे सिम्युलेटरमध्ये वेगळी भरायची विमानतळाची प्रतिकृती, टाकली होती, बाकीच्यांकडे सिम्युलेटरसोबत येणारं मूळ विमानतळ होतं. मल्टिप्लेअरमध्ये दुसऱ्याचं विमान तुमचा संगणक त्याच्याकडच्या उंचीवर, पण तुमच्या सीनरीत आणून मांडतो. दोघांच्या जमिनीत तीन-चार फुटांचा फरक असला की एकाचं विमान हवेत तरंगतं आणि दुसऱ्याची चाकं डांबरात रुततात. पार्किंगच्या जागा वेगळ्या असतील तर मजा आणखी वाढते. एकदा आमच्यातल्या एकाचं एटीआर माझ्या पडद्यावर नाकापर्यंत टर्मिनलच्या भिंतीत घुसलेलं होतं आणि तो बिचारा रेडिओवर शांतपणे इंजिनं बंद करत होता.

तेव्हा प्रश्न आला की ही सीनरी सगळ्यांनी घ्यायची, की ज्यांच्याकडे आहे त्यांनी काढून टाकायची. तपासून सांगायचं काम माझ्याकडे आलं. सीनरी एका हौशी निर्मात्यानं एकट्यानं केलेली आहे, किंमत सातशे रुपयांच्या आत. त्याचं नाव इथे देत नाही. एका माणसाच्या कामाची जाहीर चिरफाड करण्यापेक्षा असं काम तपासायचं कसं, ते सांगण्यात मला जास्त रस आहे.

मूळ सिम्युलेटरमध्ये काय मिळतं

२०२० साली आलेल्या या सिम्युलेटरनं जगातली सुमारे ३७ हजार विमानतळं एकदम दिली. त्यातली हातानं घडवलेली मोजकीच. उरलेली बिंग नकाशांच्या हवाई छायाचित्रांवरून यंत्रानं आणि थोड्या मानवी हातांनी उभी केलेली. कोल्हापूर या दुसऱ्या वर्गातलं. धावपट्टी आहे, तिला जोडणारा टॅक्सीवे आहे, विमानं उभी करायचं एप्रन आहे, आणि टर्मिनलच्या जागी कुठल्याही देशात चालेल अशी एक खोकेवजा इमारत आहे. आजूबाजूची घरं छायाचित्रावरून ओळखून सॉफ्टवेअरनं बसवलेली असतात. ती जागेवर असतात पण चेहऱ्यानं कोल्हापूरची नसतात. आपल्याकडचे सपाट स्लॅब, वर पाण्याच्या काळ्या टाक्या, मधूनच एखादं कौलारू घर आणि पत्र्याची शेड, यातलं थोडंच तिथे भेटतं.

या मूळ मांडणीला नावं ठेवणं सोपं आहे. तिचा एक गुण मात्र लोक विसरतात. ती सगळ्यांकडे सारखी असते आणि सिम्युलेटरच्या दिशादर्शन माहितीशी जुळलेली असते. विकतची सीनरी घेताना आपण हा जुळलेपणा पणाला लावत असतो. म्हणून ‘मूळपेक्षा सुंदर दिसते का’ हा प्रश्न मी शेवटासाठी ठेवला. सुंदर तर ती दिसणारच, पैसे त्याचेच घेतलेत.

कोणत्या तारखेचं कोल्हापूर?

मोठ्या विमानतळाची सीनरी पाच वर्षं जुनी असली तरी फारसं बिघडत नाही. छोटं प्रादेशिक विमानतळ वाढीच्या वयात असलं की दोन वर्षांत ओळखू येत नाही, आणि कोल्हापूर नेमकं तसं आहे.

हे विमानतळ १९३९ सालचं, संस्थानच्या काळातलं. छत्रपती राजाराम महाराजांनी ते सुरू केलं आणि आज ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. पुढे कित्येक वर्षं इथली प्रवासी सेवा कधी चालू, कधी बंद अशीच राहिली. २०१८ मध्ये उडान योजनेतून विमानं पुन्हा येऊ लागली. धावपट्टी तेव्हा १३७० मीटरची होती. मग ती २३०० मीटरपर्यंत नेण्याची योजना हाती घेतली गेली, काम टप्प्याटप्प्यानं चाललं, एप्रन वाढलं, रात्रीच्या उतरण्यासाठी दिवे आले. १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. दर्शनी बाजूला मोठ्या कमानी आणि दगडी बांधकामाचा बाज असलेली ती इमारत फोटोतही लगेच ओळखू येते.

तेव्हा सीनरी उघडण्याआधी मी कागदावर एक प्रश्न लिहिला: ही कोणत्या तारखेची आहे? विक्रीच्या पानावर नव्या टर्मिनलची चित्रं होती, म्हणजे निदान मार्च २०२४ नंतरची. याच तारखेला धरून बाकी सगळं तपासायचं ठरवलं.

त्यासाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची एआयपी, म्हणजे विमानतळांची अधिकृत माहिती-पुस्तिका, हाच आधार. ती संकेतस्थळावर फुकट मिळते, प्रत्येक विमानतळाचं वेगळं प्रकरण असतं. कोल्हापूरचा संकेत व्हीएकेपी. धावपट्टीच्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश, प्रत्येक टोकाची उंची, लांबी-रुंदी, दिवे, पार्किंगच्या जागा हे सगळं तिथे आकड्यांत असतं. सीनरी विकत घेणाऱ्या किती जणांनी हे प्रकरण उघडलेलं असतं कोण जाणे. खरं तर तयार करणाऱ्यानंही ते उघडलं होतं का, अशी शंका मला पुढे आली.

धावपट्टी

पहिल्या बैठकीत इंजिन सुरूच केलं नाही. विमान धावपट्टीच्या ०७ क्रमांकाच्या टोकाला थ्रेशोल्डवर, म्हणजे उतरण्याचा भाग सुरू होतो तिथे, ठेवलं आणि जीपीएसमधले अक्षांश-रेखांश टिपले. मग दुसऱ्या टोकाला, २५ च्या थ्रेशोल्डवर ठेवून तेच केलं. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, त्यामुळे फरक असेल तर तो कागदावरच दिसतो, त्यासाठी उडायची गरज नाही.

फरक होता आणि तो लहान नव्हता. सीनरीतली धावपट्टी जुन्या लांबीची निघाली, १३७० मीटरची. एआयपीतला आकडा त्याहून बराच मोठा. नवं टर्मिनल दिमाखात उभं आणि समोर त्याच्या जन्माआधीची धावपट्टी. याहून मजेशीर गोष्ट पुढे होती. निर्मात्यानं जमिनीवर स्वतःचं हवाई छायाचित्र अंथरलं होतं आणि ते नंतरच्या काळातलं होतं. त्यामुळे रंगवलेल्या धावपट्टीचं टोक संपल्यावरही खाली डांबराचं चित्र पुढे चालूच राहत होतं. तीनशे फुटांवरून बघणाऱ्याला धावपट्टी लांब वाटायची. सिम्युलेटरच्या हिशेबानं मात्र तो भाग साधी जमीन होता. मुद्दाम तिथे चाकं नेली तर विमान शेतातून गेल्यासारखं हादरायला लागलं.

लांबीवर एवढं का अडून बसायचं? कोल्हापूरची उंची समुद्रसपाटीपासून १९९६ फूट आहे. मे महिन्यात दुपारी पारा ३८ अंशांवर गेला की हवा विरळ होते. प्रमाण वातावरणात २००० फुटांवर तापमान ११ अंश धरतात, म्हणजे २७ अंश जादा. प्रत्येक जादा अंशाला सुमारे १२० फूट धरले तर विमानाच्या दृष्टीनं ती धावपट्टी ५२०० फुटांवर असल्यासारखी वागते. पूर्ण वजनाच्या एटीआर ७२-६०० ला समुद्रसपाटीवर, प्रमाण हवेतच उड्डाणाला साधारण १३०० मीटर लागतात. म्हणजे १३७० मीटरवर उन्हाळ्यातल्या दुपारी प्रवासी उतरवल्याशिवाय हिशेब बसत नाही, आणि खऱ्या लांबीवर तो पुष्कळ सैल होतो. आमच्या गटात लोक वजनाचा तक्ता मनापासून भरतात. त्यांच्यासाठी धावपट्टीची लांबी हा सजावटीचा भाग नाही.

उंचीचा मामला निराळा होता. विमानतळाची संदर्भ उंची बरोबर दिलेली होती, पण त्या एकाच उंचीवर सगळं आवार सपाट करून टाकलेलं. एआयपीत दोन टोकांची उंची स्वतंत्र दिलेली असते ती काही उगाच नाही. खऱ्या धावपट्ट्यांना चढउतार असतो. २००६ च्या एफएसएक्स या जुन्या सिम्युलेटरमध्ये उताराची धावपट्टी सरळ मार्गानं करताच येत नसे, तेव्हा सगळेच विमानतळ पाटासारखे सपाट असायचे. २०२० च्या सिम्युलेटरमध्ये ही अडचण राहिलेली नाही, तरी जुन्या निर्मात्यांचा हात त्याच वळणावर जातो. इथे परिणाम असा झाला की आवाराच्या एका कडेला जमीन अचानक खाली तुटते आणि कुंपण त्या तुटलेल्या कडेवर लटकलेलं दिसतं. मल्टिप्लेअरमधल्या आमच्या तरंगत्या विमानांचं मूळही हेच.

अप्रोच गायब

सीनरी टाकली, विमान हैदराबादला उभं केलं आणि एफएमएसमध्ये, म्हणजे विमानाच्या मार्ग ठरवणाऱ्या संगणकात, कोल्हापूरची अप्रोच (उतरण्याचा आखून दिलेला मार्ग) निवडायला गेलो तर यादी रिकामी. सीनरी काढली की यादी परत येते, टाकली की पुन्हा जाते.

कारण समजायला फारसा वेळ लागला नाही, कारण हा रोग जुनाच आहे. नवीन विमानतळ मांडताना सिम्युलेटरला आधी ‘जुनं पुसून टाक’ असं सांगावं लागतं. काय पुसायचं आणि काय ठेवायचं याच्या स्वतंत्र खुणा असतात. धावपट्टी, टॅक्सीवे, पार्किंग पुसायचं हे ठीक. त्याच झटक्यात अप्रोच आणि निर्गमनाचे मार्ग पुसण्याच्या खुणाही केल्या गेल्या की ते मार्ग जातात, आणि निर्मात्यानं ते परत लिहिले नसतील तर विमानतळ दिशादर्शनाच्या दृष्टीनं मुकं होतं. डोळ्यांनी बघून उतरणाऱ्या छोट्या विमानवाल्याला हे कधीच कळत नाही. म्हणूनच या सीनरीखालच्या पाच ताऱ्यांच्या कौतुकात याचा उल्लेख कुठेच नव्हता.

हा दोष मी सगळ्यात गंभीर धरला, लांबीपेक्षाही. दुरुस्ती पाच मिनिटांची आहे, ती निर्मात्याच्या हाती आहे आणि तोवर पावसाळ्यातली आमची फेरी बंद पडते. जुलैत ढगांचा तळ खाली आलेला असताना खिडकीतून विमानतळ शोधत बसायचं नसतं.

२५ वर उतरताना

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा असतो, म्हणून बहुतेक वेळा २५ वर उतरायचं. हैदराबादकडून येणाऱ्याला ते सोयीचंच, जवळपास सरळ रेषेत. उजवीकडे हातकणंगले, डावीकडे इचलकरंजी, मधून अप्रोच. पुढे पंचगंगा ओलांडायची. पाच सागरी मैलांवर तीन अंशांच्या उतारानं समुद्रसपाटीपासून ३६०० फुटांच्या आसपास असायला हवं.

या टप्प्यावर विमानतळ म्हणजे क्षितिजाजवळची एक फिकट रेघ असते. टर्मिनलच्या कमानी, खिडक्या, आतली बाकं काही दिसत नाही. दिसतात त्या गावांच्या कडा, नदीचं वळण, उसाची शेतं, कारखान्याची धुराडी, औद्योगिक वसाहतीतल्या लांबलचक शेड. डाव्या हाताला हुपरीकडे साखर कारखाना आहे. धावपट्टीच्या पलीकडे पुणे–बेंगळुरू महामार्ग आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी. हवा स्वच्छ असली तर उजवीकडे दूरवर पन्हाळ्याचं पठार.

प्रादेशिक विमानतळाची सीनरी तपासताना मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवला, आणि माझं मत असं आहे की पैशांचं मोलही इथेच ठरतं. वैमानिकाच्या खुर्चीतून विमानतळाच्या आवाराबाहेरचे दहा मैल जेवढा वेळ दिसतात तेवढा वेळ टर्मिनल दिसत नाही. या सीनरीनं आवाराबाहेर काय दिलं होतं? अंबाबाईचं मंदिर आणि रंकाळ्याच्या काठावरची काही बांधकामं. मंदिराची शिखरं खरोखर छान केली आहेत, माणसानं जीव ओतलेला कळतो. पण मंदिर विमानतळापासून आठेक किलोमीटरवर, दाटीच्या गावात. २५ वर उतरताना ते धावपट्टीच्या पलीकडे राहतं आणि एटीआरच्या काचेतून शोधूनही सापडत नाही. रोज उपयोगी पडणारी एमआयडीसी, महामार्गावरचे पूल, धुराडी यांना मात्र हात लावलेला नाही. तिथे सिम्युलेटरनं आपल्या मनानं बसवलेली घरं तशीच आहेत.

आमच्या गटातला एक जण गोकुळ शिरगावला नोकरी करतो, येता-जाता खरं विमानतळ बघतो. त्याला पडदा दाखवला. तो म्हणाला, “टर्मिनल बघून म्हटलं, आलं आमचं कोल्हापूर. पण हायवेच्या अंगाला एमआयडीसीच दिसंना की. मग हे कुठलं गाव म्हणायचं?”

पॅपी दिव्यांचीही गंमत इथेच कळली. उतरण्याचा कोन बरोबर आहे का, हे लाल-पांढऱ्या रंगांनी सांगणारे हे धावपट्टीच्या कडेचे दिवे. दोन पांढरे, दोन लाल धरून खाली येत गेलो आणि थ्रेशोल्डवर पोचताना उंची अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. पॅपी थ्रेशोल्डपासून ३०० मीटरवर असेल तर तीन अंशांत थ्रेशोल्डवर डोळ्यांची उंची सुमारे १६ मीटर येते. इथे दिवे ४०० मीटरच्या जवळपास लावलेले होते, त्यामुळे ती २१ मीटर झाली. पाच मीटर ऐकायला काहीच नाही. पण चाकं टेकतात तीही शंभर मीटर पुढे, आणि धावपट्टी आधीच आखूड केलेली.

जमिनीच्या रंगाबद्दल तक्रार करावी की नाही यावर मी घुटमळलो. अंथरलेलं छायाचित्र उन्हाळ्यातलं, तांबूस-करडं. सिम्युलेटरमध्ये थेट हवामान लावून जुलैत उतरलो तर धो धो पावसात माळ कोरडा ठणठणीत. २०२० च्या आवृत्तीत बर्फ सोडला तर ऋतूच नाहीत, २०२४ च्या आवृत्तीत ते आले, पण अंथरलेल्या चित्राचा रंग त्यानं बदलत नाही. निर्मात्याला दोष देता येत नाही, त्याला एकच चित्र निवडायचं होतं. मी असतो तर श्रावणातलं निवडलं असतं, एवढंच. आणि ते चित्र कुठून आणलं हेही विचारलं असतं. गूगलच्या नकाशांवरून उचललेलं चित्र विकत्या सीनरीत वापरायला परवानगी नसते, आणि त्याच कारणानं एखादी सीनरी विक्रीतून अचानक गायब झाली की घेणाऱ्याला पुढच्या सुधारणा मिळत नाहीत.

टर्मिनल, रात्र आणि संगणकाचा दम

टर्मिनल उत्तम आहे. कमानींची प्रमाणं बरोबर, दगडाचा पोत जवळून बघितला तरी फाटत नाही, काचेत एप्रनचं प्रतिबिंब पडतं. आत प्रतीक्षागृहसुद्धा केलं आहे. खुर्च्या, पाट्या, छताचे दिवे. ते बघायला विमानातून उतरून ड्रोन कॅमेरा घेऊन काचेला नाक लावावं लागतं. हे सगळं संगणकाच्या स्मृतीत कायम भरलेलं राहतं, तुम्ही बघा किंवा नका बघू. माझ्या यंत्रावर मूळ विमानतळावर चाळीसच्या आसपास असणारा फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) एप्रनवर तिशीच्या खाली आला. गटातल्या पुण्याच्या एका पोराकडे जुना लॅपटॉप आहे, त्याला तर थ्रेशोल्डवरच झटके बसायला लागले, म्हणजे नेमके फ्लेअरच्या, चाकं टेकण्याआधी नाक उचलायच्या वेळी. दूर असताना इमारतीची हलकी आवृत्ती दाखवायची सोय सिम्युलेटरमध्ये असते. इथे तीन मैलांवरूनही आतल्या खुर्च्यांसकट अख्खं टर्मिनल लादलं जात होतं.

रात्र निराशाजनक. धावपट्टीच्या कडेचे दिवे ठीक आहेत, पण एप्रनवरचे मोठे दिवे नुसते चमकणारे चौकोन आहेत, त्यांचा उजेड जमिनीवर पडतच नाही. विमान अंधारात उभं राहतं आणि मागे टर्मिनल झगमगतं.

विंडसॉक वाऱ्याप्रमाणे फिरतो. कुंपण, अग्निशमन केंद्र, टॉवर जागच्या जागी. काढून टाकल्यावर मूळ विमानतळ जसंच्या तसं परत येतं, मागे काही उरत नाही. हे मी मुद्दाम तपासतो. काही सीनऱ्या आवाराबाहेरच्या जमिनीची उंची बदलणारी फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि ती मागे राहून जाते. इथे तसं नव्हतं.

गटात झालेली वादावादी

अहवाल वाचून दोन तट पडले. एकांचं म्हणणं, सीनरी सरळ काढून टाका. लांबी चूक, अप्रोच नाहीत, उंची सपाट, मग उरलं काय? दुसऱ्यांचं म्हणणं, मराठी मुलखातल्या छोट्या विमानतळासाठी कोणीतरी एवढं केलं आहे, त्याला हाकलून लावलं तर सांगली-सोलापूरकडे कोण वळणार?

आमच्यातले ज्येष्ठ काका, ज्यांनी आयुष्य विमानांच्या देखभालीत काढलं, ते दोन्ही बाजूंवर चिडले. “अहो, आवडतं-नावडतं बाजूला ठेवा. आज संध्याकाळी याच्यावर विमान उतरवता येतं का नाही, तेवढं सांगा.” मग मी दोष तीन ढिगांत वाटले. फेरी थांबवणारे दोष, हिशेब चुकवणारे दोष आणि डोळ्यांना खुपणारे दोष. अप्रोच आणि सपाट उंची पहिल्या ढिगात. लांबी आणि पॅपी दुसऱ्यात. रात्रीचे दिवे, उन्हाळी माळ, नसलेली एमआयडीसी तिसऱ्यात. जड टर्मिनल कुठे टाकायचं यावर पुन्हा अर्धा तास गेला. पुण्याच्या पोरासाठी ते पहिल्या ढिगात होतं, बाकीच्यांसाठी तिसऱ्यात. शेवटी दुसऱ्यात टाकलं, कोणाचंच समाधान झालं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. गटातला एक जण शारजाहून एक्सबॉक्सवर उडतो. एक्सबॉक्सला अधिकृत मार्केटप्लेसबाहेरची सीनरी टाकताच येत नाही, संगणकावर बाहेरची सीनरी टाकायला असतो तो कम्युनिटी फोल्डर तिथे नसतोच. ही सीनरी मार्केटप्लेसवर नव्हती. म्हणजे ‘सगळ्यांनी घ्यायची’ हा पर्याय सुरुवातीपासूनच अपुरा होता.

निर्णय

निर्मात्याला सविस्तर पत्र पाठवलं. एआयपीतले थ्रेशोल्डचे आकडे, अप्रोच पुसण्याच्या खुणेचा उल्लेख, पॅपीचं अंतर, दोन टोकांची उंची, सोबत पडद्याची चित्रं. रंग आणि रात्र यांबद्दल एक ओळ लिहिली, जास्त नाही. ज्याला सात दोष सांगितले तो एकही दुरुस्त करत नाही, असा माझा अनुभव आहे. उत्तर चांगलं आलं. अप्रोच आणि पॅपी त्यानं लगेच दुरुस्त केले. धावपट्टीचा उतार आणि लांबी करायला वेळ लागेल म्हणाला, कारण टॅक्सीवेची जोडणीही हलवावी लागणार. टर्मिनलच्या आतल्या भागाशिवायची हलकी आवृत्तीही दिली, पुण्याचा पोरगा तेवढ्यावर खूश झाला.

पहिल्या ढिगातला उंचीचा दोष अजून शिल्लक आहे, म्हणून गटाच्या फेरीसाठी ही सीनरी आम्ही सक्तीची केलेली नाही. एकत्र उडताना सगळे मूळ विमानतळावर उतरतात. एकट्यानं उडताना ज्याला हवी त्यानं ती ठेवावी, आणि मे महिन्यात वजनाचा तक्ता भरताना सीनरीतली लांबी न घेता एआयपीतली घ्यावी. उताराची आवृत्ती आली की पुन्हा टोकं मोजून दोषांची हीच यादी तपासायची आणि संगणकावरच्यांनी ती एकदमच टाकायची, असं ठरलं आहे. त्या दिवसापासून शारजावाल्याला सगळ्यात शेवटी उतरवून एप्रनच्या पूर्वेकडच्या कडेचा स्टँड द्यायचा. तिथे दोन्ही आवृत्त्यांत जमीन मोकळी आहे आणि भिंतही लांब आहे.